बाहेरून उघडणारी कडी

“दोन गॅलऱ्यांमधल्या त्या पातळ फळीला काही टेकवू नका,” इमारतीच्या व्यवस्थापकाने बजावलं होतं. “आग लागली तर तीच फोडून शेजारी पळायचं असतं.”

नागिसा हसली होती. डायपरची खोकी मग ठेवायची तरी कुठे?

संध्याकाळी रित्सू बाळ झोपल्यावर ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आली. एवढी पाचच मिनिटं तिची स्वतःची. तेवढ्यात फळीपलीकडून कुझुमी आजोबांचा आवाज आला.

“रित्सूची आई, एक शोध सुचलाय. पारखून देतेस?”

अडकले, तिने मनात म्हटलं. बाळाआधी ती पेटंटच्या कचेरीत होती, हे एकदा बोलून गेली आणि आजोबा चिकटलेच. मागच्या महिन्यात त्यांनी जेवणाच्या काड्यांना चुंबक लावले होते.

“बोला.”

“गॅलरीच्या सरकत्या दाराची कडी. बाहेरूनही उघडणारी.”

“चोरांची सोय!”

“चौथ्या मजल्यावर? चोर आहे का वटवाघूळ?”

तिला हसू आलं. फळीवर धप्प आवाज झाला, तिला टेकवलेली डायपरची खोकी हलली.

“आजोबा, रित्सू उठेल हो!”

“पाय आपटतोय. थंडी आहे.”

“मग आत जा की.”

“आधी तुझं मत सांग. रविवारी मुलगा येतोय. माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणतो. आणखी एक चूक झाली की वृद्धाश्रम.”

नागिसाने कपडे खाली ठेवले. खोटी स्तुती केली तर हे मुलापुढे तोंडघशी पडतील.

“गरज कोणाला पडेल?” तिने हळूच विचारलं.

“दार जोरात ओढलं की कडी आपोआप पडते. माणूस बाहेर राहतो.”

“असा वेंधळा कितीसा सापडणार?”

पलीकडून फळीवर पुन्हा धप्प झालं.

“फार नाहीत,” आजोबा म्हणाले.

“खरं सांगू? ह्याच्या मागे लागू नका. अडकलेल्याने शेजाऱ्याला हाक मारावी. त्याला पैसे पडत नाहीत.”

“आणि शेजारी मुलाला सांगणार नाही?”

“कशाला सांगेल?”

“मग ती खोकी सरकव, पोरी,” आजोबा म्हणाले. “सकाळी वाळत घातलेले मुळ्याचे काप उलटायला मघाशी बाहेर आलो, तेव्हापासून फळीला लाथा मारतोय.”