घरातलीच एखादी

आपल्या थोरल्या भावाच्या घरातली दाराजवळची भिंत सुतारानं पहारीनं फोडली, वाळवीची राणी ओढून काढली आणि दाणकन हातोडा घातला. तिचं बोटभर पांढरं पोट फुटून थेट वहिनीच्या तोंडावर उडालं.

"शी!" वहिनीनं ओठ पुसले. "टळली ना एकदाची ब्याद?"

"कसली टळतेय? आता घरातल्याच एखादीला राणी करतील. चारून चारून फुगवतील, की ती बसली अंडी घालत."

भिंतीत टकटक सुरू झाली.

"आणि हे काय?"

"शिपाई त्यांचे. राणीच्या अंगावर कुणी चालून आलं, की डोकी आपटतात."

वहिनी मटकन खाली बसली. "भाऊजी, भूक लागलीय हो मला." सकाळी सपाट असलेलं तिचं पोट वीतभर पुढं आलं होतं आणि आतून हलत होतं.

तेवढ्यात दादा बाहेरून धावत दाराशी आला. "अगं, काय होतंय तुला?"

सुतार दार अडवून उभा राहिला. 'डॉक्टरला बोलव' असं त्याला सांगायचं होतं. त्याऐवजी त्यानं चौकटीवर कपाळ आपटलं. रक्त आलं तरी तो आपटतच राहिला, टक, टक, टक. चारी भिंतींनी त्याला साथ दिली, आणि दादानं उंबऱ्यात पाऊल टाकताच सुताराच्या हातातला हातोडा वर गेला.