किलोभर वाढ

"अजून एक. माझ्यासाठी," असे म्हणत इदालिनाबाईंनी खाऱ्या माशाचा आणि बटाट्याचा आणखी एक वडा लेकीच्या पुढ्यात ठेवला.

ग्रासिएतेने तो क्षणभर न्याहाळला आणि मग, शिक्षा भोगावी त्याप्रमाणे, खाण्यास प्रारंभ केला.

समोरच्या बाकावरून ऑर्विल पेटिग्रू हे दृश्य मोठ्या कुतूहलाने पाहत होते. टोरंटोच्या या रुग्णालयात ते वर्षातून दोनदा तपासणीला येत. पूर्वी त्यांचा हात अर्धा चहा सांडल्यावाचून कप ओठांपर्यंत नेत नसे. मेंदूत तार आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढे यंत्र बसवल्यापासून तोच हात मांडीवर मुकाट्याने पडून राही. तथापि हेच यंत्र अन्नाला भिणाऱ्या माणसालाही बसवतात, ही वार्ता त्यांना आजच कळली होती, आणि तीही इदालिनाबाईंकडून.

"मग काय हो बाई, बटण दाबलं की भूक लागते?"

"तसं असतं तर काय हवं होतं, आजोबा! भूक नाही लागत. ताट समोर आलं की छातीत जे धडधडतं ना, ते जरा निवतं. एवढंच."

"आजोबा कोणाला म्हणता? अंगणातला बर्फ अजून मीच उपसतो!"

"म्हणूनच कंबर धरून बसलाय वाटतं."

ग्रासिएतेला हसू फुटले. ती संधी साधून बाईंनी खिरीचा डबा उघडला. खिरीवर दालचिनीच्या पुडीने सुबक जाळी रेखली होती.

"आई, खरंच पोट भरलंय गं."

"पहाटे उठून केलीय. टाकून देऊ?"

मुलीने चमचा उचलला. प्रत्येक घासागणिक बाईंची नजर चमच्यामागे वर जाई आणि खाली येई. मातृहृदय म्हणतात ते हेच, असे पेटिग्रूंच्या मनात आले. बाहेर उणे अठरा अंश थंडी असल्यामुळे दोघींनी जाड कोट अंगावरच ठेवले होते. पोर किती रोडावली असेल, याचा अदमास त्यांना येईना.

"किती वर्षं चाललंय हे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"अकरा. तीन ठिकाणी भरती, नाकातून नळी, सगळं करून झालं." बाईंनी रिकाम्या डब्याचे झाकण दोनदा घट्ट केले. "आज काटा काय म्हणतो त्यावर आहे. नोव्हेंबरपासून किलोभर वाढ दिसली तर यंत्र ठेवतील. नाही तर बंद करून काढून टाकणार."

"आणि काढलं तर?"

बाईंनी डबा पिशवीत सारला. ग्रासिएते म्हणाली, "तर पुढे काही नाही, काका. डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलंय."

वातावरण जड झाले. ते हलके करणे आपले कर्तव्य होय, असे मानून पेटिग्रू मुलीकडे वळले.

"डोक्याला भोक पाडताना मला जागं ठेवलं होतं, पोरी. शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. मी त्र्याण्णववर अडकलो, तर डॉक्टर घाबरले. म्हटलं, तारेला बोल लावू नका, शाळेतही मी इथंच अडकायचो!"

"सगळ्यांना जागंच ठेवतात," बाई परस्परच बोलल्या.

"पण आता खाताना भीती कमी झालीय ना, पोरी?"

ग्रासिएतेने आईकडे पाहिले. "झालीय. परवा अर्धा पाव, लोणी लावून. कुणी न सांगता."

इतक्यात दार उघडले. "मेदेइरोस!" नर्सने पुकारा केला.

दोघी उठल्या. पेटिग्रूंनी कित्येक वर्षांत देवाकडे काही मागितले नव्हते. आज त्यांनी किलोभर मांस मागितले. दार अर्धवट उघडेच राहिले होते आणि आतला काटा बाकावरून स्पष्ट दिसत होता. सभ्यता बाजूला ठेवून ते पुढे झुकले.

"बूट, कोट, सगळं उतरवायचं हं," नर्स म्हणाली.

ग्रासिएते गुडघ्यांवर बसली, तिने आईच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, तिच्या खांद्यांवरून कोट अलगद काढून घेतला आणि पाखराएवढा तो देह दोन्ही हातांनी सावरत काट्यावर चढवला.

"किलो, आणि वर दोनशे ग्रॅम," नर्स म्हणाली. "इदालिनाबाई, तुमचं यंत्र राहणार."