नाल्यातली फटफटी

पोळ्याच्या आदल्या दिवशी तांड्यातला धरमसिंग नवी कोरी फटफटी घेऊन दारात आला, तेव्हा उकंडराव गोठ्याकडे बघून हसले. "बैलाचा जमाना सरला आता," म्हणत ते अन् शेजारचे बबनराव मागे बसले, आणि तिघं मारेगावची सडक सोडून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरले. दुपारी नाल्याच्या काळ्या गाऱ्यात फटफटी अशी रुतली, की चाकं दिसेनाशी झाली. वर आभाळ भरून आलेलं. पूर आला असता तर फटफटी पार वर्धा नदीला मिळाली असती.

उकंडराव घरी पळाले. त्यांची बायको तानाबाई न्हाऊ घातलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"जोडी सोड वं, फटफटी ओढाची हाय."

"आज खांदशेकणी हाय. पोळा होईस्तोवर बैलाच्या खांद्यावर काई पडनार नाई. अन् सकाळी तुमीच म्हनत होते ना, त्याहिचा जमाना सरला म्हनून?"

दुसऱ्यांची जोडी मागायला गेले, तर साऱ्या गावानं हेच ऐकवलं. शेवटी तिघांनी आपल्याच खांद्यावर दोर घेतला आणि बंद पडलेली फटफटी ओढत दिवेलागणीला अंगणात आणली. ओसरीवर तिघं कण्हत बसले.

तानाबाई उरलेली हळद-तुपाची वाटी घेऊन बाहेर आली. नवऱ्याचे सोललेले खांदे तिनं चोळले, मग तिघांकडे पाहून पदर सावरला.



"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."