अस्वलाचा आवाज

"साहेब, पुन्हा एकदा घेऊ. खरं वाटत नाहीये," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. आपण हे कुणाला म्हणालो ते मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली.

माइकसमोर मंत्री उभे होते. त्यांच्या एका हाकेवर मैदानं भरत. आज ते लेकीला न्यायला आले होते. संध्याकाळच्या सभेत तिची उमेदवारी जाहीर करायची, असं पक्षात ठरूनही गेलं होतं. फक्त तिला विचारायचं राहिलं होतं. ती मात्र घरच्यांशी भांडून चार वर्षं भिंतींना फोम लावलेल्या या खोलीत मुलांच्या कार्टूनसाठी आवाज देत होती. ससे, बेडूक, एकदा तर फुटकी किटलीसुद्धा.

"बाबा, माझा ससा अडकलाय," ती आल्या आल्या म्हणाली होती. "अस्वल करणाऱ्या काकांचा घसा बसलाय. एकच वाक्य आहे. तेवढं म्हणा, मग तुमचं ऐकते."

एकच वाक्य! मंत्र्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. त्याला आता पाऊण तास होऊन गेला होता.

"सशा, मी वाट चुकलोय रे. जरा दाखवतोस का?"

नववा टेक. वाक्य संपता संपता त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

"बाबा, तुम्ही आश्वासन देताय," लेक म्हणाली. "अस्वल हरवलंय. त्याला खरंच वाट माहीत नाही."

"मग तसं आधी सांगायचं ना!"

"वाक्यातच आहे ते."

रेकॉर्डिस्टने हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावली. मंत्री कागदाकडे बघत राहिले. गेल्या तीस वर्षांत त्यांनी कुणालाच वाट विचारली नव्हती. त्यांच्या पुढे कायम एक गाडी असायची, तिच्या पुढे आणखी एक. त्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला आणि ते लेकीकडे वळले.

"सशा," ते हळूच म्हणाले, "मी वाट चुकलोय रे. जरा दाखवतोस का?"

ती माइकजवळ सरकली. मग सशाच्या चिरक्या आवाजात म्हणाली, "चला की! धरा माझं शेपूट. छोटंय, पण पुरेल."

रेकॉर्डिस्ट उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मैदानातल्या टाळ्यांना सरावलेले मंत्री त्या दोन हातांच्या टाळ्यांनी चक्क लाजले.

तेवढ्यात दार उघडून सेक्रेटरी डोकावला. "साहेब, सभेला लोक जमलेत. ताईंचं नाव जाहीर करायचं ना?"

मंत्र्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"ताईचं नाव खोडा. ताई ससा आहे," ते म्हणाले आणि काचेकडे वळून त्यांनी विचारलं, "अस्वलाचं अजून काही आहे का हो?"