तांब्याभर पाणी
पन्नाशीत पदवीला बसलेल्या गीताबाई, दूध संस्थेच्या अध्यक्ष, रोज माप झालं की बायकांना नेतृत्वाच्या पुस्तकातलं पान वाचून दाखवत. परवा वाचलं, “नेत्यानं सांगू नये, करून दाखवावं.” दुष्काळात चाळीस लिटर दूध भरलं नाही तर डेअरीचा टेम्पो बंद होणार होता. काल तांब्याभर कमी पडलं, तेव्हा गीताबाईंनी स्वतःच्या वाट्याचं टँकरचं पाणी गुपचूप कॅनमध्ये ओतलं. आज कॅन काठोकाठ भरला. टेम्पोवाल्यानं लॅक्टोमीटर सोडला. “बाई, लई पाणी हाय. उद्यापासून टेम्पो बंद.” “कुणी घातलं?” गीताबाई कडाडल्या. “सगळ्यांनीच,” म्हातारी विमलबाई म्हणाली. “काल तुमाला वतताना पाह्यलं. लेकरांच्या तोंडचं पाणी काढून आमीबी एकेक तांब्या वतला.” टेम्पोवाल्यानं कॅन मातीत उपडा केला. बायका तिथंच उभ्या राहिल्या, आता गीताबाई जे करतील तेच करायला.