सुनेची पाठ

“सकाळपासून कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होतात, मी पाहिलं की,” डॉक्टर म्हणाले. “पाठीचं दुखणं असलेलं माणूस असं फिरतं होय?”

“बसलं की पाठ आखडते, डॉक्टर. चालत राहिलं तरच जरा सुटते,” मीरिम म्हणाली. गेल्या वर्षीही याच अपंगत्व मंडळासमोर ती हेच बोलली होती. आता तेच तेच सांगण्याचाही शीण येत होता.

मणक्यांना सूज येऊन ते हळूहळू एकमेकांना चिकटत जायचे, असा तिचा आजार. दाखला मिळाला तर इंजेक्शनं सरकारकडून मिळणार होती. नाहीतर आता मानही आखडेल, असं राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पण डॉक्टरांना समोर दिसत होतं ते भलतंच. मखमली झगा, कानात चांदीचे डूल, ताठ उभी बाई. हा थाट म्हणजे सासूचं, तोक्तोबुबुचं काम. “सरकारी कचेरीत गबाळं जायचं नाही. लोक म्हणतील, सुनेला उपाशी ठेवते,” असं तिने निघताना बजावलं होतं. मीरिमचा नवरा रशियात मजुरीला, म्हणून सोबत म्हातारीच आली होती. भिंतीशी बसून ती एकटक बघत होती. हिने तोंड उघडलं की सगळ्यावर पाणी पडणार, अशी मीरिमला धास्ती होती.

“एक्स-रे आहे खरा,” डॉक्टर म्हणाले. “पण हा त्रास आहे केव्हापासूनचा? सांगणारं कुणी आहे?”

तोक्तोबुबु गुडघ्यांवर हात टेकून उठली. मीरिमने डोळे मिटून घेतले.

“मी सांगते की. लग्न होऊन आली तेव्हा रोज सकाळी आम्हा म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करायची. धाकटा नातू पोटात होता तेव्हापासून बंद. ईदला नाही, कुणाच्या मयतीला नाही. माझा म्हातारा अंथरुणाला खिळला, त्याच्यासमोरही ही अशीच खांबासारखी उभी. मी म्हटलं, माज चढलाय बयेला.” म्हातारीचा आवाज चिरकला. “तो नातू आता शाळेत जातो, साहेब.”

डॉक्टर लिहायचं थांबले. “आपा, याला साक्षीदार कोण?”

“अख्खं गाव,” तोक्तोबुबु म्हणाली. “घरोघरी जाऊन हिचा माज मीच सांगून आलेय.”