ओलं पोतं

“बसमध्ये मरून जातीन, माय. दे इकडं,” म्हणत पंढरीनं खेकड्यांच्या पोत्याला हात घातला. द्वारकाबाईनं पोतं सोडलं नाही. आदिलाबादच्या बाजारात, भादव्याच्या उन्हात, बेचाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतली आई एकाच पोत्याची दोन टोकं धरून उभी. खेकडे विकणारी बाई गिऱ्हाइकं सोडून यांच्याकडेच बघत बसली.

खेकडे खायची हौस पंढरीचीच. बेला गावाजवळच्या खेड्यातलं आईचं घर आज बंद व्हायचं होतं. उद्या तो आईला हैदराबादला, त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणार होता. त्याआधी एकदा तिच्या हातचा, चुलीवरचा रस्सा. तिचा गॅसचा सिलेंडर त्यानं सकाळीच डिक्कीत टाकून आणला होता, परत करायला. तिला विचारलं नव्हतं. आषाढात ती अंगणात घसरून पडली, तेव्हापासून तिला विचारणं बंदच झालं होतं.

“तुले तिथं कायची कमी हाय?” पंढरी म्हणाला. “एसी हाय, लिफ्ट हाय, कामाले बाई हाय. दार लावलं का धूळ बी येत नाही. काऊन हट्ट करून राह्यली?”

“मी एकटी राहू शकत नाही म्हनतं ना तू? मंग आयक. हे पोतं मी एकटी नेतो, बसनं. एक बी खेकडा मेला, तर उद्या गुमान तुह्या गाडीत बसीन. सारे जित्ते पोचले, तर सिलेंडर घरात.”

पंढरी हसला. “बरं. पन अर्धे माह्यापाशी दे. म्हंजे जेवाले तरी भेटतीन.”

त्यानं झाकणाची नवी बादली घेतली. त्याचे खेकडे तिच्यात सोडले, वरून फिल्टरचं पाणी काठोकाठ भरलं, झाकण घट्ट दाबलं, वाराही शिरणार नाही असं. कसूर अशी कुठंच ठेवली नाही. द्वारकाबाईनं पोतं नळाखाली भिजवलं, आत ओलं गवत कोंबलं आणि तोंड सैल बांधलं.

बसमध्ये आधार कार्ड दाखवून तिनं बायांना फुकट मिळणारं झीरो टिकट घेतलं. तेवढ्यात पोतं हललं.

“अम्मा, संचिलो एमुन्नै?” पोत्यात काय आहे, असं कंडक्टर बाईनं तेलुगूत विचारलं.

“एंड्रकायलु,” द्वारकाबाई म्हणाली. खेकडे म्हटल्यावर बाईनं आधी पाय वर घेतले, मग नियम काढला. जित्तं जनावर बसमध्ये चालत नाही.

“मंग मले बी उतरव. मी बी जित्तीच हाय.”

पुढच्या बाकड्यांवर हशा पिकला. कंडक्टर बाई तिकिटाच्या मशीनकडे बघू लागली आणि बस सुटली.

जैनथ मागं पडलं आणि टायर बसला. पाऊण तास. सगळे रस्त्यावर उतरले. द्वारकाबाईनं पोतं लिंबाच्या सावलीत ठेवलं, तोंड थोडं उघडलं. जवळ पाण्याची एकच बाटली होती. घसा कोरडा पडला होता. तिनं बाटली अख्खी पोत्यावर शिंपडली. पदरातला फोन वाजत होता. पंढरीचा असणार. तिनं तो वाजू दिला.

ती घरी पोचली तेव्हा पंढरीची गाडी दारात नुकतीच थांबत होती. गॅसवाल्यांनी त्याला दोन तास बसवून ठेवलं होतं, गाडी बाहेर उन्हात, बादली गाडीत. शेवटी म्हणाले, कनेक्शन आईच्या नावावर आहे, सही तिचीच लागेल. सिलेंडर जसा गेला तसा परत आला.

द्वारकाबाईनं आधी लोटाभर पाणी पिऊन घेतलं. मग पोतं अंगणात उपडं केलं. खेकडे दाही दिशांना सुटले. एक थेट शेजारच्या कुसुमबाईच्या चपलेवर चढला.

“अगं माय माय माय!” कुसुमबाई ओट्यावर उडी मारून उभी राहिली. तिथूनच तिनं सगळे मोजले. सारे जिवंत.

पंढरीनं बादलीचं झाकण काढलं. पाणी नितळ होतं. आत काहीच हलत नव्हतं. त्यानं बादली हलवली, मग हात घातला. एकेक खेकडा काढून अंगणात ठेवला. पाय लोंबकळत होते.

“गच्च पाणी भरलं होतं, माय,” तो हळूच म्हणाला. “फिल्टरचं. झाकण बी बसवलं, सांडू नाही म्हनून. कायची कमी पडली?”

द्वारकाबाईनं पळता खेकडा पाठीकडून अलगद धरला आणि रश्श्याच्या गंजात टाकला.

“कायचीच नाही, बापू.”